मुलीचं वजन कमी झालं, पाळी थांबली, आणि तुम्ही डाएट चार्ट मागताय

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी परत एकदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी १५ वर्षांची, दहावीत. उंची १५७ सेंमी, उन्हाळ्यात वजन ५२ होतं, साडेतीन महिन्यांत ४४.५ झालं. रात्रीचं जेवण बंद, भात बंद, साखर-तेल बंद, रोज संध्याकाळी गच्चीवर हजार दोरीच्या उड्या. केस गळून राहिले, दोन महिने पाळी नाही आणि त्याचं तिला बरंच वाटतंय. घरी सगळ्यांसाठी नवीन नवीन पदार्थ बनवते पण स्वतः घासभर खात नाही. हे सगळं सुरू झालं एका लग्नानंतर, तिथे आत्याने सगळ्यांसमोर म्हटलं की "बाप्पा, पोरगी तर आईपेक्षा मोठी दिसून राहिली." आणि तुमचा प्रश्न हा की वजन परत वाढणार नाही पण ताकद येईल असा चार्ट द्या.

मी नागपुरात गेली एकोणीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यातल्या अर्ध्याहून जास्त पेशंट शाळा-कॉलेजच्या मुली. चार्ट लिहायला मला दहा मिनिटं लागतात. पण आज मी तुम्हाला चार्ट दिला तर तो तिच्या हातात अजून एक हत्यार होईल, कारण तिला मोजायला काहीतरी हवंय आणि मी ते तिला छापून दिल्यासारखं होईल. तुम्ही विचारलंय वजन वाढू नये म्हणून काय करू. मला दिसतंय ते असं की वाढत्या वयाची मुलगी गेले साडेतीन महिने उपाशी आहे, आणि तिचं वजन वाढायलाच हवंय.

इथे बसून मला काय सांगता येत नाही ते आधी सांगते. पहिली पाळी कधी आली, तुमची आणि तिच्या बाबांची उंची किती, पाचवी-सहावीत तिची वाढ कशी चालली होती, थायरॉइड-शुगर कसं आहे, ती उलट्या काढते का, हे सगळं माहीत झाल्याशिवाय कोणी काही ठाम बोलू नये. पाळी थांबायला दुसरी कारणंही असतात. पहिली पाळी आल्यावर एक-दोन वर्षं अशीही मागेपुढे होते. पण काही गोष्टी कशावरच अवलंबून नाहीत. साडेतीन महिन्यांत शरीराचा सातवा हिस्सा गेलाय, सोबत पाळी बंद आणि केस गळती, म्हणजे या आठवड्यात डॉक्टर. आधी बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन, मग बाकीचे. आणि चक्कर येऊन पडली, छातीत धडधडतंय म्हणाली, शांत बसलेली असताना नाडी मिनिटाला ५० च्या खाली लागली, पाणीसुद्धा प्यायला नको म्हणाली किंवा जगण्याबद्दल काही वाईट बोलली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी कॅज्युअल्टीत न्या.

आता "आधी ती थोडी जाडच होती" हे तुम्ही लिहिलंय त्याबद्दल. १५७ सेंमीला ५२ किलो म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २१ च्या आसपास. हे जाड नाही हो ताई, हे अगदी नॉर्मल आहे. मोठ्या माणसांचे कटऑफ मुलांना लावायचेच नसतात, १८ वर्षांपर्यंत वयाप्रमाणे तक्ता बघायचा असतो, आणि इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा ५ ते १८ वर्षांचा सुधारित तक्ता २०१५ पासून आहे, तो बहुतेक बालरोगतज्ज्ञांच्या टेबलवर असतो. त्यावर तिचा जुना ठिपका लावून बघायला सांगा, तुमच्या मनातली जाडी बरीच उतरेल. वयात येताना मुलीच्या अंगावर चरबी येते, कंबर-मांड्या भरतात, हे शरीर मुद्दाम करतं, पाळी सुरू होण्यासाठी आणि टिकण्यासाठी त्याला ती लागते. आपण मात्र दहा-अकराच्या सडपातळ पोरीचा फोटो मनात धरून बसतो आणि पंधराव्या वर्षी ती तशी दिसत नाही म्हणून चूक तिची. शाळेच्या युनिफॉर्मचं माप वाढलं की आई काळजी करते, उंची वाढली की कौतुक करते. दोन्ही एकाच वाढीचे भाग आहेत.

पाळी थांबली याचं तिला बरं वाटतंय, हे वाचून मी थांबले. बऱ्याच मुली हे म्हणतात, कटकट गेली, ट्युशनमध्ये टेन्शन नाही. तिला हे समजावून सांगावंच लागेल. मेंदूला जेव्हा कळतं की खाणं येतंय त्यापेक्षा खर्च जास्त आहे, तेव्हा तो घरातले दिवे एकेक करून बंद करतो. केस गळतात, पाळी थांबते, हातपाय गार पडतात, नाडी मंद होते, कारण हृदय आणि श्वास चालू ठेवायचाय. पाळी बंद म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं हार्मोन कमी, आणि इस्ट्रोजेन कमी म्हणजे हाडांचं नुकसान. हाडांचा बहुतेक साठा अठरा-वीस वर्षांपर्यंतच भरून होतो. या वयात जे भरायचं राहिलं ते चाळिशीत गोळ्या खाऊन पूर्ण भरून निघत नाही. मुलीला साठाव्या वर्षाच्या हाडांची भीती घालून फायदा नाही, तेवढं लांबचं तिला दिसत नाही. तिला केसांचं सांगा, थंडी वाजते त्याचं सांगा, गणित करताना डोकं चालत नाही त्याचं सांगा. ते ती आत्ता भोगतेय.

आणि पदार्थ बनवण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय "खाण्यात तिला इंटरेस्ट आहे म्हणून मला वाटलं ठीक आहे, दिवसभर रेसिपीचेच व्हिडिओ बघते." नाही ताई, हे भुकेचं लक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण पुरुषांवर एक प्रयोग केला, सगळे स्वतःहून आलेले. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन साधारण पाव हिश्शाने उतरलं, पण त्याहून मोठी गोष्ट डोक्यात झाली. ज्यांना आधी स्वयंपाकाशी काही देणंघेणं नव्हतं ते पुरुष पाककृतींची पुस्तकं वाचत बसले, रेसिपी जमवू लागले, ताटातलं अन्न तासभर चिवडत खाऊ लागले, चिडचिडे झाले, मित्रांपासून तुटले. हे सडपातळ दिसायला निघालेले लोक नव्हते, नुसते उपाशी होते. म्हणून तुमची मुलगी हट्टी झालीय, नाटकं करतेय असं कोणी घरात म्हटलं तर त्यांना हे सांगा. यातलं बरंच काही भूक करवते, आणि पोट नीट भरायला लागलं की हळूहळू कमी होतं.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी आली होती, नववीतली, आईसोबत स्कूटीवर. वजनकाट्यावर चढायला सांगितलं तर आधी तिने घड्याळ काढलं. मग केसातल्या पिना काढून टेबलावर एका ओळीत ठेवल्या. मग कानातले. मग जोडे काढले, मोजे काढले, आणि श्वास सोडून देऊन काट्यावर उभी राहिली, जणू हवेचंही वजन मोजलं जाईल. आई बाजूला बसून मला म्हणत होती की मॅडम, डिसिप्लिन फार आहे पोरीत. मी त्या टेबलावरच्या पिनांकडे बघत होते. त्या दिवसानंतर मी अशा मुलींचं वजन काट्याकडे पाठ करून घेते आणि आकडा माझ्या वहीत लिहिते, त्यांना सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी फाइलवर वजन मोठ्या अक्षरात लिहून शाबासकी द्यायचे, किती मुलींच्या डोक्यात मी तो आकडा पक्का केला असेल याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या घरी काटा असेल तर तो आजच शेजारी देऊन टाका, कपाटावर ठेवू नका, ती शोधते.

आता घरातल्या बोलण्याबद्दल, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात आधी तिथेच फरक पडतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१६ मध्ये डॉक्टरांसाठी जे मार्गदर्शन काढलं त्यात लठ्ठपणा आणि खाण्याचे आजार या दोन्हींसाठी सल्ला एकच आहे, डाएटिंगला उत्तेजन देऊ नका, वजनावर बोलू नका, चिडवू नका, घरच्यांनी एकत्र जेवा. आपल्याकडे हे कठीण जातं, कारण "वाळली गं" आणि "भरली गं" हे आपल्याकडे नमस्कारासारखं असतं. तर आत्याला फोन करा. भांडायचं नाही, एवढंच म्हणा की ताई, तिच्या अंगावर आता काहीच बोलायचं नाही, चांगलंही नाही. चांगलंही नाही हे महत्त्वाचं आहे. "किती छान बारीक झालीस" हे वाक्य तिला या साडेतीन महिन्यांत किती जणांनी म्हटलं असेल विचारून बघा, तेच तिचं इंधन आहे. आणि तुम्ही स्वतः आरशासमोर उभं राहून पोट आत घेत "आजपासून भात बंद" म्हणत असाल तर तेही थांबवा. मुली आपण त्यांना काय सांगतो त्यापेक्षा आपण स्वतःला काय म्हणतो ते जास्त ऐकतात.

तिच्याशी बोलताना वजन, जाड, बारीक हे शब्द टाळा. ताटावरून वाद तर ताट समोर असताना कधीच नको. गाडीवर मागे बसलेली असताना किंवा रात्री दिवा बंद केल्यावर बोला, समोरासमोर डोळ्यात बघून बोललं की मुलं बंद होतात. "तुझे केस गळतात, तुला थंडी वाजते, तू आधीसारखी हसत नाहीस, मला भीती वाटते, आपण डॉक्टरांकडे जाऊ" एवढंच. ती चिडेल. चिडू द्या. अपॉइंटमेंट मात्र रद्द करू नका.

खाण्याकडे येते. तुम्ही लिहिल्याप्रमाणे तिचा दिवस म्हणजे सकाळी काळी कॉफी आणि सफरचंद, डब्यात काकडी, दुपारी एक फुलका, संध्याकाळी मूठभर फुटाणे. माझ्या अंदाजाने हे जेमतेम चारशे कॅलरी होतात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या तक्त्यात १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला साधारण २४०० कॅलरी, ४३ ग्रॅम प्रोटीन, १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३० मिलिग्रॅम लोह धरलंय. हे आकडे तुमच्यासाठी आहेत, तिला दाखवू नका. आणि एकदम उद्यापासून ताट भरून वाढू नका, बरेच दिवस खूपच कमी खाल्लेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की रक्तातले क्षार बिघडू शकतात, म्हणून किती वेगाने वाढवायचं हे डॉक्टरांनी रक्त तपासल्यावर ठरवायचं.

चार्टऐवजी मी ठराविक वेळा सांगते. तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, वेळ घराची, ताट आईने वाढायचं, तिने नाही. आधी नाश्ता धरा, कारण रात्रीच्या जेवणाची तिला सगळ्यात जास्त भीती आहे आणि भीतीच्या जागेपासून सुरुवात केली की पहिल्याच दिवशी हरतो. पोहे चालतील, शेंगदाणे आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर घालून, वरून लिंबू. लोहासाठी लिंबू, संत्रं, आवळा हे सोबत असलं की धान्य-डाळीतलं लोह जास्त लागू पडतं, आणि चहा-कॉफी जेवणासोबत घेतली की कमी. आपल्याकडे हिवाळ्यात संत्र्यांची काय कमी, जेवणानंतर एक सोलून सगळ्यांनी खा, तीही खाईल. लोहाचं एवढं सांगते कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, देशात १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुली अ‍ॅनिमिक निघाल्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी मुली दप्तरात ठेवून घरी येऊन फेकतात, विचारून बघा.

प्रोटीनसाठी पावडरचा डबा नको. दोन वाट्या घट्ट वरण, चार पोळ्या, एक ग्लास दूध, दोन अंडी, एवढ्यात ते ४३ ग्रॅम जवळपास होतात. अंडी खात नसाल तर पनीर, झुणका, भिजवलेले चणे, मठ म्हणजे मटकी. कॅल्शियमला दूध-दही सगळ्यात सोपं, २०० मिली दुधात साधारण २४० मिलिग्रॅम येतं, मोठ्या चमचाभर तिळात शंभरच्या आसपास, म्हणून तिळाची चटणी ताटात रोज. जवसाची पण ठेवा, चवीला छान आहे. ज्वारीची भाकरी, आंबाडीची भाजी, गोळाभात, आपलं वऱ्हाडी-नागपुरी जेवण मुळातच चांगलं आहे, आणि गोळाभातावर फोडणीचं तेल पडलं म्हणून कोणाचं नुकसान होत नाही, उलट या मुलीला आत्ता ते तेल हवंय. भात तिने "वाईट" म्हणून बंद केलाय ना, तर भाताबद्दल वाद घालू नका, तुम्ही सगळे तिच्यासमोर रोज वरणभात खा, त्यावर तूप घ्या, आणि दुसऱ्या गोष्टी बोला. दीड-दोन आठवड्यांनी तिच्या ताटात दोन चमचे वाढा. बहुतेक वेळा तेवढे खाल्ले जातात. नाही खाल्ले तर परत काही दिवसांनी. बाहेर कधी मैत्रिणींसोबत तर्री-पोहे किंवा पाणीपुरी खाऊन आली तर आनंद माना आणि एक शब्द बोलू नका.

उड्या तूर्त बंद. पाळी नाही, वजन उतरतंय आणि खाणं नाही अशा शरीरावर रोज हजार उड्या म्हणजे पायाच्या हाडाला बारीक तडा जाण्याची तयारी. खेळाडू मुलींमध्येही हे होतं, म्हणून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये यावर स्वतंत्र निवेदन काढलं की खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की पाळी, हाडं, हृदय, मन सगळ्यावर परिणाम होतो. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की हालचाल परत सुरू करायची, आणि करायलाच हवी. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगली हालचाल आणि आठवड्यात तीन दिवस स्नायू-हाडं मजबूत करणारा व्यायाम सांगते. पण गच्चीवर एकटीने आकडा मोजत नको. बॅडमिंटन, कबड्डी, नाच, अंबाझरी तलावावर सकाळी बाबांसोबत चक्कर, काहीही जिथे दुसरं माणूस आहे. एक खूण सांगते, पावसामुळे एक दिवस चुकला आणि मुलगी रडवेली झाली, किंवा चुकलेल्या दिवशी जेवण कापलं, तर तो व्यायाम राहिला नाही, शिक्षा झाली. आणि आपल्याकडचा मे महिना, ४५ डिग्री, त्यात स्वेटशर्ट घालून धावणाऱ्या मुली मी पाहिल्यात, घाम म्हणजे चरबी समजून. घामात पाणी आणि मीठ जातं, चरबी नाही. पोटाचे व्यायाम करून फक्त पोट कमी होत नाही हेही तिला कोणीतरी सांगा.

मोबाईलबद्दल तुम्ही विचारलंय की काढून घेऊ का. एकदम काढला तर तुमच्यातलं उरलंसुरलं बोलणं बंद होईल. फिजी बेटांवर १९९५ मध्ये एका भागात पहिल्यांदा टीव्ही आला, जिथे भरलेलं अंगच चांगलं मानायचे, आणि अ‍ॅन बेकर यांना तीन वर्षांनी तिथल्या शाळकरी मुलींमध्ये वजन कमी करायला उलट्या काढणाऱ्या मुली सापडल्या, जे आधी एकही मुलगी सांगत नव्हती. तेव्हा नुसता टीव्ही होता. आता तर फोन बघून बघून ओळखतो की हिला काय दाखवायचं. म्हणून तिच्यासोबत बसून तिचा फोन घ्या, "दिवसभरात काय खाते" टाइपचे अकाउंट दोघी मिळून अनफॉलो करा, नको असलेल्या व्हिडिओवर "इंटरेस्ट नाही" दाबा, जेवताना सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत, बाबांचा पण.

हे वाचून एखादी आई म्हणेल की माझी मुलगी तर खरंच जास्त वजनाची आहे, मानेवर काळपट पट्टा आलाय, पाळी अनियमित आहे, पीसीओएस (पाळी बिघडवणारा हार्मोनचा त्रास) सांगितलंय, मग? त्या मुलीचीही तपासणी हवी, शुगर बघायला हवी, पण तिलाही उपाशी ठेवायचं नाही. वाढत्या वयात बऱ्याचदा वजन आहे तिथे थांबवून उंचीला पुढे जाऊ देणं पुरतं, गोड पेयं आणि पॅकेटचं खाणं कमी, झोप पूर्ण, रोज खेळ, आणि हे नियम सगळ्या घराला, एकट्या तिला नाही. भावाला आइस्क्रीम आणि तिला काकडी असं झालं की ती लपून खायला शिकते, हे मी अक्षरशः शेकडो घरांत पाहिलंय.

तर ताई, क्रम असा ठेवा. या आठवड्यात डॉक्टर, त्याच्या आधी आत्याला फोन आणि काटा घराबाहेर, उद्यापासून सकाळचा नाश्ता सोबत बसून. डॉक्टरांना खाण्याच्या आजाराची शंका आली तर मानसोपचारतज्ज्ञ लागतील, त्याला घाबरू नका. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे, खर्चाचा प्रश्न असेल तर तिथे जा. रात्री-बेरात्री कोणाशी बोलायचं झालं तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, तिला पण देऊन ठेवा. माझ्या त्या पिनावाल्या मुलीला आहारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि समुपदेशक तिघांची गरज लागली आणि आठ महिने लागले. पाळी परत यायला पाच. मधे दोनदा वजन परत उतरलं, तेव्हा आईला वाटलं सगळं वाया गेलं, पण तसं नव्हतं.

जाताना पाळीच्या तारखा लिहून न्या, जमलं तर शाळेच्या हेल्थ कार्डावरच्या जुन्या उंची-वजनाच्या नोंदी पण. आणि दवाखान्यात आधीच फोन करून सांगा की वजन घेताना तिला आकडा दिसू देऊ नका, मोठ्याने बोलू नका. रिपोर्ट आले की हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, पोटॅशियम-फॉस्फरस आणि नाडी किती आली ते इथे लिहा, मग तिच्या ताटाचं पुढचं मी सांगते.